कात्री आणि खळ : चिकटवहीचे वाचन

इंग्रजीत ज्याला स्क्रॅपबुक म्हणतात त्याला मराठीत दोन शब्द आहेत. शाळेत बाई आणायला सांगत ती ‘चिकटवही’ आणि घरातली मोठी माणसे ठेवत ती ‘कात्रणवही’. वस्तू एकच, पण पहिल्या शब्दात खळ आहे आणि दुसऱ्यात कात्री. इंग्रजी शब्दात यांपैकी काहीच नाही. तिथे नुसता उरलेला, टाकाऊ तुकडा आहे. वही मुख्यतः कात्रीने केली आहे की खळीने, हे आधी पाहावे आणि मग ती वाचायला घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. कात्री निवडते आणि मूळ जागेवरून उचलते. खळ शेजार ठरवते. हे मला पुस्तकांतून कळण्याआधी माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून कळायला हवे होते. ते तसे कळले नाही. चूक १९९२ सालची आणि तिचा अर्थ लागला २०१५ साली.

संशोधन विभागात लिहिणाऱ्याने आपला अधिकार सांगावा असा संकेत आहे. माझा अधिकार बाइंडरचा. वडिलांचा बाइंडिंगचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन टेबले, एक हाताने फिरवायचे कटिंग मशीन, एक दाब, आणि चुलीवर खळीचे पातेले. मी बारावीनंतर त्यातच शिरलो. पुढचे शिक्षण बांधायला आलेल्या पुस्तकांवर झाले. गिऱ्हाईक परवा येणार म्हणून आज रात्रीत पुस्तक वाचून काढायचे, ही सवय तिथली. इंग्रजीही शब्दकोश मांडीवर घेऊन अशीच शिकलो. त्यामुळे माझ्या वाचनात सलगपणा नाही. अमुक विषयावरचे सर्व काही वाचले असा दावा मी कधी करत नाही. अमुक कागदाचे काय होते ते मात्र सांगू शकतो.

आमच्याकडे कात्रणवह्याही बांधायला येत. बहुतेक दोन प्रकारच्या. एक देवधर्म, आरोग्य आणि पाककृती यांची, आणि दुसरी लेखक मंडळींची, स्वतःविषयी छापून आलेल्या मजकुराची. दुसऱ्या प्रकारात एका ज्येष्ठ कवींची वही मला अजून आठवते. अनुकूल परीक्षणे त्यांनी चारी बाजूंनी खळ लावून पक्की चिकटवली होती. प्रतिकूल परीक्षणे फक्त वरच्या कडेला, म्हणजे पुढे-मागे ओढून काढता यावीत अशी. त्या काळी मला याचे हसू आले. आज वाटते की कवीने आपल्या समग्र कवितेत जेवढे सांगितले नाही तेवढे त्या खळीत सांगितले होते.

चिकटवहीवर लिहायला बसले की गोधडीची उपमा सुचते. कात्रण हा शब्दही मुळात शिंप्याच्या दुकानातला. मलाही ती सुचली आणि काही दिवस बरी वाटली. पण गोधडीत घातलेले लुगडे वाचायचे नसते. त्याचा रंग उरतो, ऊब उरते, नेसणारीची आठवण उरते. कात्रणावर मात्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलेले शब्द असतात आणि ते चिकटवणारीच्या मताविरुद्धही असू शकतात. गोधडी शिवणारीला कापडाशी भांडावे लागत नाही. चिकटवही करणारीला पुष्कळदा कागदाशी भांडावे लागते.

हे भांडण कुठवर जाऊ शकते ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत दिसते. तिथे १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्रांच्या संपादकांना एकमेकांना अंक टपालखर्चाविना पाठवण्याची मुभा दिली होती. परिणाम असा झाला की संपादकाच्या टेबलावर लेखणीइतकीच कात्री महत्त्वाची ठरली. गावोगावची पत्रे एकमेकांतला मजकूर उचलून छापू लागली. वाचकांनी तोच धडा घरी गिरवला. छापील कागद स्वस्त झाला आणि इतका झाला की वाचून टाकून देणे भाग पडले. ज्यांना टाकवेना त्यांनी कात्री घेतली. कोरी वही महाग, म्हणून जुने हिशेबाचे खाते किंवा सरकारी खात्याचा फुकट मिळालेला जाडजूड अहवाल घ्यायचा आणि त्याच्या छापील पानांवरच कात्रणे डकवायची. खालचा मजकूर कडेने डोकावत राही. आमच्या घरी हेच होत असे; बँकेच्या बाद झालेल्या खतावण्या बांधणीवरून परत जायच्या त्यातल्या काही वडील मागून घेत. खतावणीचा कागद वर्तमानपत्रापेक्षा शंभर पटींनी चांगला. माझ्या बहिणीची वही अशाच खतावणीची होती.

मार्क ट्वेन, म्हणजे सॅम्युअल क्लेमेन्स, याला या उद्योगातला कंटाळवाणा भाग नेमका दिसला. खळ करा, लावा, सुकवा, पाने एकमेकांना चिकटली की फाडा. २४ जून १८७३ रोजी त्याला आपोआप चिकटणाऱ्या चिकटवहीचे पेटंट मिळाले. पानांना आधीच गोंद लावलेला. पान ओलसर करायचे आणि वर कात्रण दाबायचे. न्यूयॉर्कच्या स्लोट या आपल्या मित्राच्या कंपनीतर्फे त्याने ती विकली आणि ती चांगली खपली. याच माणसाने नंतर खिळे आपोआप जुळवणाऱ्या पेज नावाच्या यंत्रात संपत्ती ओतली आणि १८९४ साली तो दिवाळखोर झाला. छापण्याच्या यंत्राने बुडवले आणि छापलेले कापून चिकटवण्याच्या वहीने पैसा दिला. छपाईच्या धंद्याच्या कडेला आयुष्य काढलेल्या माणसाला हे विसरता येत नाही.

पण वहीचा धंदा म्हणजे वही नव्हे. वहीचे खरे सामर्थ्य ज्यांच्या हाती वर्तमानपत्र नव्हते त्यांनी दाखवले. एलेन ग्रुबर गार्वी यांचे २०१२ साली आलेले पुस्तक याच विषयावर आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘कात्रीने लिहिणे’ असा होतो, आणि अमेरिकन यादवीपासून हार्लेमच्या सांस्कृतिक बहरापर्यंतच्या वह्या त्यात वाचलेल्या आहेत. ‘पाहिलेल्या’ असे मी मुद्दाम म्हणत नाही. या वह्या करणाऱ्यांना गार्वी लेखक मानतात. हे मान्य केले की पुढचे बरेच काही आपोआप मान्य करावे लागते.

फिलाडेल्फियाच्या विल्यम हेन्री डॉर्सीचे उदाहरण घेऊ. जन्म १८३७, मृत्यू १९२३. कृष्णवर्णीय, चित्रकार आणि संग्राहक. त्याने जवळपास चारशे चिकटवह्या केल्या. त्या चेनी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेकडे गेल्या, दीर्घकाळ तिथे पडून राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उजेडात आल्या. रॉजर लेन यांनी त्यांच्या आधारे १९९१ साली त्या शहराचा आणि त्यातल्या कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास लिहिला. डॉर्सी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या अशा दोन्ही पत्रांतून कापत असे. गोऱ्यांच्या पत्रात कृष्णवर्णीय माणूस यायचा तो बहुधा आरोपी म्हणून, नाहीतर विनोदाचा विषय म्हणून, आणि तोही कुठेतरी कोपऱ्यात, चार ओळींत. अशी एक बातमी वाचून माणूस पुढे जातो. डॉर्सीने त्या ओळी कापल्या, विषयवार लावल्या, मृत्युलेखाशेजारी सत्कार, गुन्ह्याशेजारी शाळा असा शेजार दिला. त्याने स्वतः एक वाक्यही लिहिले नसते तरी वही बोलली असती. गोऱ्या संपादकाचा मजकूर त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभा केला होता.

हार्लेममधल्या अलेक्झांडर गम्बीने विसाव्या शतकात हेच अधिक रसिकपणे केले. त्याच्या वह्या आज कोलंबिया विद्यापीठात आहेत. सुझन बी. अँथनी यांनी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या ३३ वह्या जमवल्या आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या. त्यांत चळवळीची टिंगल करणारा मजकूरही राखलेला आहे. याला मोठेपणा म्हणायचे कारण नाही. उद्या कुणी ‘असे कुणी म्हणालेच नव्हते’ म्हणेल, हे त्या बाईंना चांगले ठाऊक असणार.

आपल्या समीक्षेने रोजनिशीला घरात घेतले, पत्रांना घेतले, आत्मचरित्राला तर पाटच मांडला. कात्रणवही ओसरीवर राहिली. कारण उघड आहे. तिच्यातले शब्द तिच्या कर्त्याचे नसतात, आणि शब्द ज्याचा तो लेखक, हे आपल्या मनात फार घट्ट बसले आहे.

आता १९९२ सालाकडे येतो.

माझी ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. १९७९ पासून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तीन-चार गावे बदलून झाली. १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तिने एक कात्रणवही ठेवली. वडील खळ करून देत. त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेले असे. वही खतावणीची, आडवी, भरत गेली तशी फुगत गेली. घरात सगळ्यांना ती वही पाककृतींची म्हणून माहीत होती, आणि पाककृती तिच्यात होत्याही. विणकामाचे नमुने होते, शाळेत लावायची चित्रे होती, एक-दोन कविता होत्या. वडील गेल्यानंतरच्या दिवाळीत मला वाटले की भाऊबीजेला ओवाळणी म्हणून ताईला ही वही नीट बांधून द्यावी. तिला न सांगता मी ती नेली, पाठ उसवली, फर्मे पुन्हा जुजबंदीने शिवले, अस्तर लावले, पुठ्ठ्यावर मरून रेक्झिन चढवले, आणि त्याआधी तिन्ही कडा मशीनवर कापून साफ केल्या. कात्रणे कडेबाहेर आलेली, कोपरे दुमडलेले; कडा कापल्याखेरीज बांधणी देखणी होत नाही. समोरची कडा पाऊण इंच गेली असेल, वरची अर्धा. ताईने वही हातात घेतली, दोन-चार पाने उलटली, म्हणाली, “छान झालंय रे,” आणि मला ओवाळले.

तेवीस वर्षे ती वही तिच्या कपाटात राहिली. २०१५ साली गार्वींचे पुस्तक भाचीने अमेरिकेहून आणून दिले. ते अर्धे वाचून झाले होते आणि ताईकडे गेलो असताना सहज वही मागितली, पुस्तकात वाचलेले काही तिच्यात दिसते का ते पाहावे म्हणून. तेव्हा पहिल्यांदा ती मी पान पान वाचली.

पाककृतींच्या मधे एक-एक कॉलमी बातम्या होत्या. एकाच प्रकारच्या. स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. ज्यांनी ऐंशीच्या दशकातली जिल्हा पत्रे वाचली आहेत त्यांना तो ठरलेला मथळा, ती ठरलेली चार वाक्ये आठवतील. चहा करताना, पहाटेच्या सुमारास, नायलॉनच्या साडीने पेट घेतला, शासकीय रुग्णालयात उपचारांदरम्यान. मी मोजल्या, एकेचाळीस निघाल्या. दोन मोठी कात्रणेही होती: १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आले तेव्हाचे, आणि १९८६ साली ३०४-ब आले तेव्हाचे. दोन्हींभोवती लाल पेन्सिलीची चौकट. रव्याच्या लाडवांची कृती आणि शेजारी अशी बातमी, खाली लोकरीच्या टोप्याचा नमुना आणि पुन्हा तशी बातमी. स्टोव्ह त्या पाककृतीतही आहे हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग पाने उलटणे अवघड झाले.

आणि प्रत्येक बातमीच्या बाजूला, कडेच्या मोकळ्या जागेत, ताईने बारीक अक्षरात काहीतरी लिहिले होते. लिहिले होते, म्हणजे ते आता तिथे नव्हते. समोरच्या कडेला ओळींची सुरुवात उरली होती, शेवट मशीनखाली गेला होता. वरच्या कडेला तर याहून विचित्र प्रकार. शिरोरेषेच्या वरचे सगळे कापले गेलेले. वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार, सगळे. देवनागरीत शिरोरेषेवरचा भाग गेला की अक्षर दिसते आणि शब्द कळत नाही. ‘मना’ उरते, ती मैना की आणखी कुणी, कोण सांगणार? एका ठिकाणी ‘माझ्या व’ एवढेच उरले आहे. वर्गात होती, असे असावे. तीच जागा वाचून मी वही मिटली.

आणखी एक गोष्ट होती आणि ती मी घरातच असून मला कधी जोडता आली नव्हती. ती दहा वर्षे ताईला स्थळे येण्याची होती. ताईने लग्न केले नाही. घरात त्याचे कारण तिचा हट्टी स्वभाव असे ठरले होते आणि मीही ते चारचौघांत सांगत आलो होतो. दर दोन-तीन महिन्यांनी पाहायला मंडळी यायची, पोहे व्हायचे, आणि ताई काहीतरी खोट काढायची. कात्रणांच्या तारखा आतल्या कडेला होत्या, म्हणून त्या वाचल्या. त्यांतल्या काही पोह्यांच्या तारखांच्या किती जवळच्या आहेत ते मला आईने जपलेल्या पत्रांवरून ताडता आले. यावर अधिक लिहीत नाही. ताईला ते आवडणार नाही.

एवढे कळल्यावर डॉर्सी मला वेगळा दिसू लागला. एक चार ओळींची बातमी अपघात असते. एकेचाळीस बातम्या एका हाताने कापून एका वहीत आल्या की त्यांना अपघात म्हणता येत नाही, आणि असे म्हणणारे एकही वाक्य वहीत लिहावे लागत नाही. कात्रीचे लेखन म्हणतात ते हे. आणि मी, जो पुस्तकांचा माणूस म्हणून मिरवतो, त्याने समास म्हणजे कोरी जागा असे धरून तिच्यातला मजकूर कापून केरात टाकला होता. बाइंडरच्या डोळ्यांना मजकूर फक्त छापलेला दिसतो. समीक्षकांचेही पुष्कळदा असेच होते, पण ते माझ्या चुकीचे समर्थन नव्हे.

आता आजच्या स्क्रॅपबुकिंगविषयी, कारण हा छंद मुळात याच वहीचा वारस म्हणवतो. त्याची आधुनिक सुरुवात बहुतेक जण युटा राज्यातल्या स्पॅनिश फोर्क या गावात शोधतात. तिथल्या मेरिएलन ख्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाची छायाचित्रे आणि कागदपत्रे लावून पन्नासहून अधिक खंड केले होते. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत कौटुंबिक नोंदींविषयी एक जागतिक परिषद झाली, तिथे ते मांडले. लोकांनी कसे केले म्हणून विचारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे दुकान निघाले. हे युटामध्येच व्हावे यात नवल नाही. मॉर्मन पंथात वंशावळ आणि रोजनिशी ठेवणे हे धर्मकार्यासारखे मानतात; कुटुंबांच्या नोंदींच्या सूक्ष्मपटांसाठी त्यांनी डोंगराच्या ग्रॅनाइटमध्ये भुयारे खोदली आहेत. मग १९८७ साली मिनेसोटात क्रिएटिव्ह मेमरीज ही कंपनी निघाली. तिच्या सल्लागार बायका घरोघरी शेजारणींना जमवून छंद शिकवत आणि सामान विकत. बारा इंच चौरस पान, नक्षीचे कागद, ठशाने कापलेले आकार, चिकटवायची अक्षरे, रिबिनी, बटणे असा मोठा व्यापार उभा राहिला. मंडळी एकत्र जमून रात्र रात्र पाने करू लागली. या शतकाच्या पहिल्या दशकात तो ऐन भरात होता. २००८ साली त्याच कंपनीच्या मूळ संस्थेवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. फोटो कागदावर काढायचेच लोकांनी सोडले, त्याला कोण काय करणार.

या छंदाने एक मोठे काम केले आणि त्याचे श्रेय बाइंडर म्हणून मी मोकळेपणाने देतो. कागदातल्या आम्लाविषयी सामान्य गृहिणीला सावध केले. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन. उजेड आणि हवा लागली की पिवळा, मग तपकिरी, मग चुरा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडेही आलेले ते चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पडदा असलेले अल्बम आठवा. त्यांनी किती लग्नांचे फोटो गिळले! या मंडळींनी आम्लविरहित कागद, निरुपद्रवी गोंद यांचा आग्रह धरला, आणि दुकानदारांना तो मानावा लागला. आमच्या वडिलांचे मोरचूद कसर दूर ठेवी, पण तांबे कागदाला मानवत नाही. ताईच्या वहीत जिथे खळ जाड लागली तिथे कागद काळवंडला आहे.

पण या टिकाऊ पानांवर आहे काय? मी छापील संग्रह पाहिले, भाचीमुळे शे-दोनशे पाने प्रत्यक्ष हाताळली, आणि माझे मत फारसे चांगले झाले नाही. मध्यभागी हसरा फोटो. भोवती त्याच्या रंगाला जुळणारा कागद. वर विकत आणलेले शीर्षक, आनंदाचे किंवा प्रेमाचे. लिहिण्याच्या भागाला ते जर्नलिंग म्हणतात आणि त्यासाठी पानात खास चौकट राखलेली असते. पण तिच्यातही बहुधा तारीख, ठिकाण आणि किती मजा आली एवढेच. कात्रणे नाहीत. जगात काय चालले आहे त्याचा एक तुकडाही पानात शिरत नाही, कारण वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त! शुद्ध कागदाचा नियम नकळत शुद्ध आशयाचा नियम झाला. हे सोवळे मला खटकते. पूर्ण खळीची वही म्हणावी ती ही. सगळे नीट चिकटलेले, कापलेले काही नाही.

या मंडळींच्या भांडणांतूनही हेच दिसते. २००७ साली एका नावाजलेल्या मासिकाच्या स्पर्धेत गौरवल्या गेलेल्या एका बाईंच्या पानांवरचे काही फोटो त्यांनी स्वतः काढलेले नव्हते असे निघाले. काम सर्वस्वी स्वतःचे हवे असा स्पर्धेचा नियम होता. मोठा गहजब झाला. नियम मोडला हे खरेच. पण दुसऱ्याच्या मजकुरावर उभ्या राहिलेल्या कलाप्रकारात दुसऱ्याने काढलेला फोटो हा गुन्हा ठरावा, म्हणजे वाट किती बदलली ते पाहा. डॉर्सी त्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

हे सगळे मी भाचीला ऐकवले, तिच्याच घरच्या पानांची उदाहरणे देऊन. ती मिनेसोटात राहते. शेजारणीच्या नादाने हे करू लागली. तिने ऐकून घेतले आणि गेल्या खेपेस आली तेव्हा एक पान काढून माझ्यापुढे ठेवले. “मामा, हे वाच आता.” २०२२ ची दिवाळी. दारात आकाशकंदील, दोन्ही मुले झब्ब्यांत, जावईबापू हसताहेत. जरीच्या नक्षीचा कागद. माझ्या यादीतले सगळे दोष हजर. मी तसे म्हणालो. तिने फोटोच्या मागे असलेल्या खाचेतून एक पट्टी ओढून काढली. अशा लपवलेल्या पट्ट्या या छंदात सर्रास करतात. मी आधीच्या पानांतही त्या पाहिल्या होत्या, पण सजावट समजून ओढून पाहिल्या नव्हत्या. पट्टीवर पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा होत्या आणि खाली चार ओळी. त्या आठवड्यात जावयाची नोकरी गेली होती. व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी दुसरी नोकरी मिळवायला साठ दिवस असतात. नाहीतर चंबूगबाळे आवरायचे. रोज एक रेघ. सत्तेचाळीस रेघा होत्या. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी काम मिळाले, तेव्हा तिने पट्टी खोचून वर फोटो चिकटवला. हे मी तिच्या परवानगीने लिहितो आहे.

यामुळे छंदाविषयीचे माझे मत सर्वस्वी बदलले असे नाही. त्या शे-दोनशे पानांतली बहुतेक पाने सपकच आहेत, आणि मागे पट्टी असल्याने पुढचे शीर्षक चांगले होत नाही. पण दुसऱ्यांदा मी समासाला कोरा धरले होते. आणि हे पान कात्रीचे की खळीचे, याचे उत्तर मला देता आले नाही. भाचीने जगाला दाखवायचे ते चिकटवले आणि स्वतःसाठी ठेवायचे ते कापून मागे सरकवले. ताईने याच्या उलट केले होते. तिची वही कुणी वाचणार नव्हते, म्हणून तिने सगळे पुढेच ठेवले. पाककृतींची वही कोण वाचतो?

ताईला मी २०१५ मध्येच विचारले, कडेला काय लिहिले होते. ती म्हणाली, “आता कुठलं आठवायला.” मी माफी मागितली तर म्हणाली, “अरे, तू बांधून दिलीस म्हणून राहिली. नाहीतर गेली असती रद्दीत.” यात समजूत किती आणि खरे किती, मला ठरवता आलेले नाही. मात्र त्यानंतर एका संध्याकाळी तिने आपणहून तीन नावे सांगितली, गावांसकट. मग अधूनमधून आणखी. सगळ्या काही तिच्या विद्यार्थिनी नव्हत्या. बहुतेक नुसत्या ऐकलेल्या, एसटीत कुणी सांगितलेल्या, एकीच्या माहेरी ती भेटून आलेली. बातमीत जे नसते ते तिने कडेला लिहिले होते: लग्नाला किती महिने झाले होते, पदरात मूल होते का, माहेरचे काय म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाने ही वही संग्रहासाठी मागितली. मागण्यात आदर होता, जतनाची सोयही उत्तम. मला द्यावीशी वाटली. एवढे सगळे वाचून दुसरे काय वाटणार? ताई नाही म्हणाली. “त्यांची पोरं आता चाळिशीची आहेत,” ती म्हणाली. “आई कशी गेली म्हणून त्यांना काय सांगितलंय, तुला ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते. मी गार्वींचे, डॉर्सीचे दाखले दिले, हे असे दडून राहिले तर पुन्हा अपघातच ठरतील असेही म्हणालो. ते तिला पटते, पण ती नाही म्हणते. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणूनच या लेखात एकही नाव किंवा गाव नाही.

वही सध्या माझ्याकडे आहे. ताई सदुसष्ट वर्षांची आहे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, आणि आठवेल तसे सांगते. मी आम्लविरहित कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर ते लिहून घेतो. एकेचाळिसांपैकी सतरा झाल्या. पट्ट्या कात्रणांशेजारी लावाव्यात की पाकिटात वेगळ्या ठेवाव्यात हे तिने ठरवायचे आहे. पाकीट मी वहीच्या मागच्या अस्तराला तात्पुरते दोऱ्याने बांधून ठेवले आहे.